मध्यंतरानंतर

नोकरीच्या निमित्ताने २०१६ च्या उन्हाळ्यात अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात राहायला आलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझे नाव विचारण्याआधी "अलाबामा की ऑबर्न?" असा प्रश्न केला होता. आम्ही मूळचे कुठले हे त्यांना जाणून घ्यायचे असावे, अशा समजुतीने मी "सांगली" असे उत्तर दिले. ते पोटभर हसले आणि सप्टेंबरच्या आत काय ते ठरवा, असे बजावून गेले. ही दोन विद्यापीठांची नावे आहेत आणि दोन्हींचे फुटबॉल संघ एकमेकांचे हाडवैरी आहेत, हे मला दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळले. या राज्यात माणसाला एक वेळ पक्ष नसला तरी चालतो, पण या दोहोंपैकी एक बाजू घेतल्यावाचून गत्यंतर नाही. टस्कलूसा या गावाची वस्ती जेमतेम लाखाची आणि तिथल्या अलाबामा विद्यापीठाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियमची आसनसंख्या त्या काळी १,०१,८२१ होती. म्हणजे सगळे गाव कुलपे लावून सामन्याला गेले तरी खुर्च्या उरतील. आम्ही अर्थातच अलाबामाचे झालो, कारण शेजार सांभाळायचा होता.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे जास्त असते. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही नेला तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो, एवढे एक सूत्र कळले की बाकीचे हळूहळू उमगते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे की चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचे. आणि हे सारे समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसे अंगावर येत असताना. क्रिकेटमध्ये डाव चालू असताना चांगला खेळत नाही म्हणून फलंदाजाला परत बोलावून त्याच्या जागी बाकावरचा राखीव खेळाडू फलंदाजीला सहसा धाडता येत नाही. इथे येते. त्या 'येते' भोवतीच हा सगळा लेख आहे.

मी पाहिलेल्या पहिल्याच सामन्यात मला जेलन हर्ट्स भेटला. ३ सप्टेंबर २०१६, टेक्सासमधले आर्लिंग्टन, समोर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ. सुरुवात दुसऱ्या क्वार्टरबॅकने केली होती. थोड्या वेळाने प्रशिक्षक निक सेबन यांनी या अठरा वर्षांच्या, नुकत्याच कॉलेजात पाऊल टाकलेल्या मुलाला आत पाठवले आणि पहिल्याच प्रयत्नात चेंडू त्याच्या हातून निसटून प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. आजोबांनी डोक्याला हात लावला. माझे लक्ष मात्र पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे होते, कारण त्यावर काहीच उमटले नव्हते. ना ओशाळलेपण, ना राग. पुढच्या वेळी तो तसाच आत गेला, दोन टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून गुण मिळवून देणारे, पास दिले, दोनदा स्वतः धावत जाऊन टचडाउन केले आणि अलाबामाने सामना ५२-६ असा जिंकला. पुढच्या आठवड्यापासून तो संघाचा पहिला क्वार्टरबॅक होता. इतक्या कोवळ्या विद्यार्थ्याला ही जागा सेबन यांनी त्याआधी कधी दिली नव्हती.

ह्यूस्टनच्या पूर्वेला चॅनलव्ह्यू नावाची कामगारांची वस्ती आहे. तिथल्या हायस्कूलच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणजे हर्ट्सचे वडील. थोरला भाऊही त्याच शाळेचा क्वार्टरबॅक. घरातच तालीम असली की पोराला दोन गोष्टी लवकर कळतात, एक म्हणजे चुकल्यावर घरीही सुटका नसते, आणि दुसरी म्हणजे प्रशिक्षक ओरडतो तेव्हा तो प्रेमाचा प्रश्न नसतो. मैदानावरचा तो कोरा चेहरा तिथून आला असावा, असा माझा तर्क आहे.

पहिल्या वर्षी त्याने २,७८० यार्डांचे पास दिले, ९५४ यार्ड स्वतः धावून काढले आणि आपल्या विभागाचा, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. जानेवारी २०१७ मध्ये टॅम्पा इथे क्लेमसन विद्यापीठाविरुद्ध राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. दोन मिनिटे आणि काही सेकंद उरले असताना हर्ट्सने तीस यार्ड धावत जाऊन अलाबामाला ३१-२८ अशी आघाडी मिळवून दिली. शेवटचा एक सेकंद उरला असताना क्लेमसनने टचडाउन करून ती हिसकावून घेतली. ३५-३१. आजोबा त्या रात्री आमच्याशी न बोलताच झोपायला गेले.

त्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी संघाची आक्रमणाची आखणी करणारे लेन किफिन यांना बाजूला करून ते काम स्टीव्ह सार्किसियन यांच्याकडे दिले गेले होते. पुढच्या वर्षी ब्रायन डेबॉल आले, त्याच्या पुढच्या वर्षी माइक लॉक्सली. प्रत्येकाची परिभाषा वेगळी, संकेत वेगळे, क्वार्टरबॅककडून अपेक्षा वेगळी. दरवर्षी नवे गुरुजी नवी बाराखडी घेऊन आले तर हुशार पोराचेही अक्षर बसायला वेळ लागतो, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागणार नाही. मात्र हे कारण त्याने स्वतः कधी पुढे केले नाही आणि मीही ते फार ताणणार नाही. त्याच्या खेळात एक उणीव होती आणि ती दिसत होती. पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसरा, तिसरा शोधण्याऐवजी तो चेंडू घेऊन पळत सुटे. २०१७ च्या अख्ख्या मोसमात त्याचा फक्त एक पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागला, आणि हा आकडा लोक त्याच्या कौतुकासाठी सांगत असले तरी मला त्यात त्याची भीडही दिसते. धोका असलेला पास तो देतच नव्हता.

८ जानेवारी २०१८. अटलांटा, मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. पुन्हा अंतिम सामना, समोर जॉर्जिया विद्यापीठ, आणि पूर्वार्ध संपला तेव्हा गुणफलक १३-०. हर्ट्सचे आठ पैकी तीन पास लागले होते आणि त्यातून अवघे २१ यार्ड मिळाले होते. मध्यंतरात आजोबांच्या घरी कोणीच चिप्सच्या वाडग्याला हात लावला नाही. उत्तरार्ध सुरू झाला आणि हर्ट्सऐवजी टुआ टागोवायलोआ आत आला. हवाई बेटांवरचा, डावखुरा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तोवर त्याने सामने बहुधा निकालात निघाल्यावरच काय ते खेळले होते. दोन वर्षांत संघाला केवळ दोनच पराभव पाहू देणारा क्वार्टरबॅक, अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, काहीही दुखापत नसताना बाकावर गेला.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. टुआने चुकाही केल्या, एक पास थेट जॉर्जियाच्या हाती दिला, पण हर्ट्सला जे दिसत नव्हते ते त्याला दिसत होते. २०-७ अशा पिछाडीवरून २०-२० अशी बरोबरी झाली. अगदी शेवटी एक सोपी किक हुकल्यामुळे सामना जादा वेळेत गेला. जॉर्जियाने तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्याच प्रयत्नात टुआला पकडून सोळा यार्ड मागे ढकलले गेले. आता दुसरा प्रयत्न आणि जायचे सव्वीस यार्ड. आजोबा उठून उभे राहिले होते, बहुधा टीव्ही बंद करायला. टुआने डावीकडे ४१ यार्डांचा पास भिरकावला, पहिल्याच वर्षाच्या डेव्हॉन्टा स्मिथने तो घेतला आणि अलाबामा २६-२३ असे अजिंक्य ठरले. गल्लीत फटाके वाजले. दिवाळीनंतर जवळजवळ तीन महिन्यांनी सांगलीची आठवण येईल असे वाजले.

माझी नजर मात्र उत्तरार्धभर कॅमेरा अधूनमधून जिकडे वळत होता तिकडे होती. बाजूच्या रेषेवर हर्ट्स उभा होता, आणि टुआ बाहेर आला की हा त्याच्या जवळ जाई. तो उड्या मारत होता, हसत होता, आणि ते हसू खोटे वाटत नव्हते. सामन्यानंतर पत्रकारांसमोर उभा राहून तो टुआचे कौतुक करत राहिला.

इथे मला माझे सांगावे लागेल. त्याच्या काही महिने आधी मला एका कामावरून मधूनच बाजूला केले गेले होते. दीड वर्ष मी ते काम एकट्याने उभे केले होते, मग ते एका ठिकाणी अडले, आठवडे उलटू लागले आणि एका मंगळवारी ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाकडे दिले गेले. त्याने ते दोन महिन्यांत सोडवले. कोणीही माझ्याशी वाईट वागले नाही. माझा पगार कमी झाला नाही. निर्णय चुकीचा होता असेही मला म्हणता येत नव्हते, आणि नेमके तेच सोसवत नव्हते. अन्याय झाला असता तर बरे झाले असते. अन्यायाला टेकून बसता येते, घरी त्याविषयी बोलता येते, आईला फोनवर सांगता येते. योग्य निर्णयाने बाजूला झालेल्या माणसाला टेकायला भिंतच नसते. त्या मुलाशी मी सौजन्याने वागलो असे मी स्वतःला सांगत असे, पण खरी गोष्ट अशी, की तो जेवायला ज्या वेळी येई ती वेळ टाळून मी माझा डबा अर्धा तास उशिरा उघडू लागलो होतो. अर्धा तास उशिरा खाल्लेली गार पोळी-भाजी, एवढेच माझ्या मनाच्या मोठेपणाचे माप.

म्हणून त्या रात्रीचा हर्ट्स मला झोपू देईना. सेबन यांचा निर्णय बरोबर होता याविषयी निकालानंतर शंकेला जागाच नव्हती, आणि हे त्या बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलालाही कळत होते.

नंतर लोकांनी त्याचा संत केला. निःस्वार्थ, त्यागी, संघासाठी सर्वस्व देणारा अशी विशेषणे वर्तमानपत्रांनी त्याला दिली, आणि ती वाचताना मला अवघडल्यासारखे होई. कारण संत केले की माणसाला दुखले असेल याचा विचार करावा लागत नाही. त्याला दुखले होते, हे त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये पत्रकारांसमोर शांतपणे सांगून टाकले. वसंत ऋतूभर सगळे त्याच्याविषयी बोलत होते, पण प्रशिक्षकांपैकी कोणी येऊन तुला काय वाटते असे विचारले नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. आवाज चढला नव्हता. कोणाचा अपमान नव्हता. मी ती चित्रफीत कार्यालयातल्या दुपारच्या सुट्टीत पाहिली आणि मला प्रथमच त्याच्याविषयी पूर्ण विश्वास वाटला.

त्याच वर्षी नियमांत एक बदल झाला होता. कॉलेजातल्या खेळाडूला तेव्हा पाच वर्षांत चार मोसम खेळता येत असत, आणि २०१८ पासून मोसमात चारपर्यंत सामने खेळूनही ते वर्ष खर्ची न घालण्याची मुभा मिळाली. क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याची जागाही अशीच एका नवख्याने घेतली, तेव्हा ब्रायंट चार सामन्यांनंतर संघ सोडून निघाला. त्याने गैर काही केले असे मला वाटत नाही. ज्याचे आयुष्य चार मोसमांत मोजले जाते त्याने एक मोसम वाचवला तर त्याला कद्रू कोणी म्हणावे? हर्ट्सने तो वाचवला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, लुइझियाना विद्यापीठाविरुद्धच्या अगदी एकतर्फी सामन्यात, तो राखीव खेळाडू म्हणून पाचव्यांदा मैदानात उतरला आणि ते वर्ष कायमचे खर्ची पडले. त्याच्यासमोर पदवी होती. डिसेंबरमध्ये ती हाती येणार होती आणि पदवीधराला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येत असे. तेव्हा राहणे हा निव्वळ त्याग नव्हता, त्यात हिशेबही होता. हिशेबी माणसाला मन नसते असे थोडेच आहे.

१ डिसेंबर २०१८. तेच अटलांटा, तेच स्टेडियम, समोर तेच जॉर्जिया. या वेळी विभागीय अजिंक्यपदासाठी. अलाबामा २८-२१ असे मागे, अखेरच्या क्वार्टरमधली अकरा मिनिटे उरलेली, आणि टुआचा घोटा दुखावला. हर्ट्सने हेल्मेट चढवले. आजोबा खुर्चीच्या कडेवर आले आणि पुढची दहा मिनिटे त्यांनी माझे मनगट धरून ठेवले होते, हे नंतर लाल वळ पाहून मला कळले.

त्या दहा मिनिटांतला एक क्षण मी नंतर कितीतरी वेळा मागे-पुढे करून पाहिला. जॉर्जियाच्या टचडाउन रेषेपासून दहा यार्डांवर अलाबामा उभे आहे. चेंडू हर्ट्सच्या हातात येतो. समोरून दबाव येतो, तो उजवीकडे सरकतो, आणि पूर्वीच्या हर्ट्सने इथे चेंडू काखोटीला मारून धाव घेतली असती. हा थांबतो. मान वर ठेवतो. पायांची घाई होते आहे, पण डोळे शोधत राहतात, आणि शेवटच्या पट्ट्यात जेरी ज्यूडी मोकळा झाल्याबरोबर चेंडू सुटतो. २८-२८. अकरा महिने तो बाकावर बसून काय करत होता, याचे उत्तर त्या थांबण्यात होते.

मग जॉर्जियाने आपल्या नशिबाशीच खेळ केला. चौथा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत, अशा वेळी चेंडू पायाने लांब उडवून देतात. त्यांनी तसे नाटक करून जस्टिन फील्ड्स या राखीव क्वार्टरबॅकला धावायला लावले, आणि तो दोन यार्डांवर पकडला गेला. मिनिटभर उरले असताना हर्ट्स पंधरा यार्ड धावत आत शिरला. ३५-२८. मैदानावरच्या मुलाखतीत सेबन यांचे डोळे भरून आले. या माणसाच्या चेहऱ्यावर एरवी दाढदुखीखेरीज दुसरा भाव दिसत नाही, म्हणून सांगितले.

जानेवारीत हर्ट्सने ओक्लाहोमा विद्यापीठात जायचे जाहीर केले. दोनच आठवड्यांपूर्वी ज्या संघाला अलाबामाने उपांत्य फेरीत ४५-३४ असे हरवले होते त्याच संघात, आणि बर्मिंगहॅममध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. तिथे लिंकन रायली यांच्या हाताखाली आधीच्या दोन वर्षांत दोन क्वार्टरबॅकनी, बेकर मेफील्ड आणि कायलर मरी यांनी, हाइझमन हा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार पटकावला होता. ते दोघेही दुसऱ्या विद्यापीठांतून आलेलेच. हर्ट्सने पहिल्याच सामन्यात ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध ३३२ यार्डांचे पास दिले आणि १७६ यार्ड धावून काढले. मोसमभरात ३,८५१ यार्डांचे पास, १,२९८ यार्ड धाव, दोन्ही मिळून ५२ टचडाउन. जुनी खोड अधूनमधून उसळी मारी. नोव्हेंबरमध्ये बेलर विद्यापीठाविरुद्ध चेंडू गमावत त्यानेच संघाला २८-३ अशा खड्ड्यात नेले आणि त्यानेच बाहेर काढून ३४-३१ असे जिंकून दिले. कट्टर अलाबामाचे आमचे आजोबा ओक्लाहोमाचे सामने पाहू लागले. टोपी मात्र अलाबामाचीच घालून.

हाइझमनच्या मतमोजणीत तो दुसरा आला. पहिला आला लुइझियाना स्टेटचा जो बरो, जो ओहायो स्टेटमध्ये वर्षानुवर्षे बाकावर बसून कंटाळून निघाला होता. तिसरा आला ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स. होय, अटलांटात दोन यार्डांवर पकडला गेलेला तोच, जॉर्जियाचा बाक सोडून गेलेला. त्या वर्षी देशातले पहिले तिघेही क्वार्टरबॅक कधी ना कधी, कुठे ना कुठे राखीव होते.

त्याचा कॉलेजातला शेवटचा सामना २८ डिसेंबर २०१९ चा. राष्ट्रीय उपांत्य फेरी, ओक्लाहोमा विरुद्ध बरोचे लुइझियाना स्टेट, आणि स्थळ पुन्हा तेच अटलांटाचे स्टेडियम. बरोने पूर्वार्धातच सात टचडाउनचे पास दिले. कॉलेजच्या मैदानावर त्याहून सरस अर्धा तास मी पाहिलेला नाही. मध्यंतराला गुणफलक ४९-१४ होता. दोन वर्षांपूर्वी याच छताखाली १३-० वर हर्ट्सला बसवले होते. आजोबांनी पुढे पाहणार नाही असे जाहीर केले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन खुर्चीत बसले. ते काय पाहायला आले हे मला ठाऊक होते, कारण मीही तेच पाहायला थांबलो होतो.

जाहिराती संपल्या. ओक्लाहोमाचे आक्रमण पुन्हा मैदानात आले. कॅमेरा जवळ गेला, आणि त्या लाल-पांढऱ्या घोळक्यात एक नंबरची जर्सी घातलेला हर्ट्स हनुवटीचा पट्टा आवळत सगळ्यांना जवळ बोलावत होता.